औषधाच्या रांगेतली माणसं

सोमवार, ९

समुपदेशक मॅडमनी ही वही दिली. म्हणाल्या, "रोज लिहा, आठवेल तसं. कुणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही." बावीस वर्षं ठाण्याच्या डायरीत लिहितोय, त्यामुळे हात आपोआप 'सदर इसम' वर जातो. तसं सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, "मग सदर इसमापासूनच सुरुवात करा."

तर नमूद करतो. बुधवारी, चार तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास मी आणि दाजी साध्या कपड्यांत मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याच ठाण्यात जमादार, मी हवालदार. खबर अशी होती की दोन पेट्रोल पंप लुटून एका पहारेकऱ्याला गोळी घालणारा इसम हाताची जखम बांधून घ्यायला तिथे येणार आहे. तो आला. पट्टी बांधून खोलीबाहेर पडताच दाजींनी त्याचा दंड धरला. त्याने हिसका दिला, चार पावलं मागे सरला आणि कमरेचं पिस्तूल काढलं. मी बारा पावलांवर होतो. माझंही पिस्तूल बाहेर होतं. मी चाप ओढला. गोळी अडकली. त्याने दाजींवर झाडली आणि जिन्याकडे पळाला. मी अडकलेली गोळी काढली, मागे धावलो, जिन्याच्या तोंडाशी त्याच्या मांडीत गोळी मारली आणि त्याला धरला. दाजी अर्ध्या तासात गेले. दवाखान्यातच होते, तरी गेले.

झालं. सगळं एवढंच आहे.

मंगळवार, १०

ताईकडे गेलो होतो. शुक्रवारी दाजींना निरोप दिला, पण माणसांची ये-जा अजून चालू आहे. खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणल्यात, प्रत्येक खुर्ची वेगळी. ताई प्रत्येकाला तेच सांगते. "याची गोळी अडकली हो, नाहीतर..." आणि माझ्या हातावर हात ठेवते. मग येणारा माणूस माझ्याकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, नशीब, दुसरं काय.

मी सहा फूट उंच, डोक्यावर निम्मे केस पांढरे. ताई अजून मला बारक्या म्हणते. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ती सतरा. माझ्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं तिने घातली, मला पोहायला तिने शिकवलं, आणि लग्न ठरताना दाजींना आधी मला भेटायला लावलं. दाजी आले, माझ्याशी पंजा लढवला, मुद्दाम हरले. नंतर मला पोलिसात भरती व्हायलाही त्यांनीच ढकललं. ठाण्यात कुणी नवीन आलं की माझी ओळख करून द्यायचे, "हा माझा मेहुणा. नेम इतका पक्का की पाच फुटांवरून चहात साखरेचा खडा टाकतो. फक्त कप दुसऱ्याचा असतो."

ताईने मला जेवायला बसवलं. बाकी कुणाला नाही, मलाच. "खा रे बारक्या, तोंड बघ कसं झालंय." समोर बसून राहिली. घास फिरत राहिला तोंडात.

शुक्रवार, १३

मला महिनाभर हत्यार द्यायचं नाही असा हुकूम आहे. कार्यालयात बसून जुन्या फायली लावतो. हरकत नाही.

आज दाढी करताना पुन्हा ती रांग दिसली. औषधाच्या खिडकीसमोरची. हे मॅडमना सांगितलेलं नाही. दाजी दिसायला हवेत, तर दिसतात हे लोक. छातीशी एक्स-रेचं मोठं पाकीट धरलेले म्हातारे गृहस्थ. त्यांच्या मागे रंगारी, हातांवर कोपरापर्यंत पांढऱ्या रंगाचे ठिपके. दोन मुली, एकच इअरफोन दोघींच्या कानांत वाटून घेतलेला. कुबडी घेतलेली बाई, कुबडीच्या मुठीला जुना मोजा गुंडाळलेला. आणि अगदी शेवटी, त्या इसमाच्या बरोबर मागे, खांद्यावर झोपलेलं लेकरू घेऊन एक बाई. लेकराच्या एका पायात सँडल होती, दुसऱ्यात नव्हती.

ओळख ना पाळख. दाजींच्या अंगात त्या दिवशी कोणता शर्ट होता ते विचारलं तर सांगता येत नाही, आणि हे मात्र येतं. डोकं ठिकाणावर नाही हेच खरं.

सोमवार, १६

संध्याकाळी तेलवाले घरी आले. आमच्या शस्त्रागाराचे हवालदार. हत्यारं साफ करणं, तपासणं, देणं, परत घेणं, सगळं त्यांच्याकडे. अंगाला कायम पिस्तुलाच्या तेलाचा वास, म्हणून तेलवाले. पुढच्या वर्षी निवृत्त होणार. चहा नको म्हणाले, पाणीही नको म्हणाले, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांना नोटीस आली आहे. सदोष हत्यार दिल्याने एका जमादाराचा मृत्यू. कामावरून दूर का करू नये याचा खुलासा करावा.

मला म्हणाले, "नेमबाज, मी काही तुझ्यावर रागावून आलेलो नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. गोळी आत जाताना अडकली की रिकामी पुंगळी बाहेर पडताना?"

मी म्हणालो, "गडबडीत होतो, आठवत नाही."

"त्यानंतर एक झाडली ना तू, ती गेली ना सुरळीत?"

"गेली."

"तेच कळत नाही मला. मी त्या दिवशी सकाळी स्वतः उघडून पाहिलं होतं. स्प्रिंग नवी. मॅगझिन नवं. आता वाटतं, मॅगझिनचं तोंड जरा वाकलं असेल. माझा डोळा चुकला असेल. चष्म्याचा नंबर वाढलाय, मी दाखवून घेतला नाही." असं म्हणून रुमाल काढला. त्यालाही तेलाचा वास. "तुझ्या बहिणीला भेटायला जायचंय, पण कोणत्या तोंडाने जाऊ?"

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. जिना उतरताना कठड्याला धरून उतरले. अडतीस वर्षं नोकरी केलेला माणूस.

मंगळवार, १७

आज काही लिहायचं नाही.

बुधवार, १८

नऊ तारखेला लिहिलंय ते खोटं आहे. कुणी वाचणार नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, तरी मी स्वतःच्या वहीतसुद्धा जबाबच नोंदवला.

गोळी अडकली नव्हती. मी चाप ओढलाच नाही.

घडलं ते असं. तो हिसका देऊन मागे सरला आणि पिस्तूल काढलं तेव्हा त्याची पाठ औषधाच्या रांगेला लागली होती. दाजी मागोमाग सरकून त्याच्या डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर. दाजींचं पिस्तूल शर्टाखाली तसंच होतं. ते काढायला गेले नाहीत. दोन्ही पंजे उघडे करून समोर धरले आणि एखाद्या लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "हे बघ, इथे आजारी माणसं आहेत. माझ्याकडे बघ. इकडे तिकडे नको, माझ्याकडे बघ." तो दाजींकडे बघत राहिला. मी बारा पावलांवर, पिस्तूल दोन्ही हातांत, नेम त्याच्या छातीवर. याहून लांबून मी अंगठ्याएवढ्या गोलात पाच गोळ्या घातलेल्या आहेत, ठाण्याच्या कपाटात त्याचा चषक आहे. तीन सेकंद. कदाचित चार. मी "खाली बसा!" म्हणून ओरडलो. कुणी बसलं नाही. माणसं बसत नाहीत, माणसं आधी वळून बघतात. माझ्या ओरडण्याने तो दचकला आणि त्याने दाजींवर झाडली.

मग तो जिन्याकडे धावला. तिथे बोळ आहे, शेवटी कोरी भिंत. तिथे मी झाडली.

गोळी माणसात थांबेलच असं नसतं. आरपार जाते, पुढच्यालाही लागते. हे मला शिकवलंय, आणि मी दरवर्षी नव्या भरतीला शिकवतो. सरावाच्या मैदानावर मागे मातीचा बांध असतो. पुठ्ठ्याच्या माणसामागे कुणी औषध घ्यायला उभं नसतं.

पण मी खरंच त्या रांगेमुळे थांबलो का? की घाबरून थिजलो, आणि रांग मला नंतर सापडली, झाकायला बरी म्हणून? दोन आठवडे स्वतःला विचारतोय. माहीत नाही. आणि ओरडलो नसतो तर? तो दचकला नसता तर दाजींनी त्याला बोलण्यात गुंतवला असता. दाजी चोराला बोलता बोलता स्वतःच्या सायकलवर डबलसीट बसवून ठाण्यात आणणारा माणूस.

खोटं कसं बोललो तेही लिहितो. ताई पोस्टात नोकरीला; खिडकीवरून तशीच उठून आली होती, अंगठ्याला शिक्क्याची शाई. तोवर दाजी गेले होते. ती माझ्याकडे आली आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या हातात होतं ना रे? मग?" आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, गोळी अडकली." बाजूला आमच्या ठाण्याचे साहेब उभे होते. त्यांनी ऐकलं, त्यांच्या अहवालात गेलं, सगळ्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला जबाब समोर आला, मी सही केली.

शनिवार, २१

बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"कसं?"

"गोळी अडकली असती तर घरी येऊन तुम्ही पिस्तुलाला शिव्या दिल्या असत्या. तुम्ही गप्प होतात."

मी म्हणालो, तेलवाल्यांसाठी खरं सांगायला हवं. ती म्हणाली, "सांगा. पण ताईंचं काय? त्यांना धरायला तेवढी एकच फांदी आहे. नवरा गेला, पण भावाने प्रयत्न केला. तीही तोडणार का तुम्ही?" मग डोळे पुसून, "मला विचारू नका. मी काहीही सांगितलं तरी चुकीचंच होणार."

साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "जबाब बदलू नका. तेलवाल्यांना ताकीद देऊन सोडतील, मी बघतो. अहो, अडकलेली गोळी कुणाचीच नसते. न झाडलेली मात्र तुमची. जन्मभर तुमची." वाईट माणूस नाहीत साहेब. माझ्याच भल्याचं बोलत होते.

त्यांच्या टेबलावर दाजींची हजेरीची वही होती, बंद करायला आलेली. चार तारखेला दाजींनी सही केली आहे. तीही वळणदार, खाली दोन टिंबं देऊन. कामावर आल्याची. गेल्याचा रकाना रिकामा.

मंगळवार, २४

चौकशी झाली. चौकशी अधिकारी बाहेरून आलेल्या, पन्नाशीच्या बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज अगदी हळू. त्या विचारायला लागायच्या आधीच मी म्हणालो, "मॅडम, माझा आधीचा जबाब खोटा आहे. हत्यारात दोष नव्हता. मी गोळी झाडली नाही." साहेबांनी खाली बघितलं.

बाईंनी लेखणी ठेवली. "का झाडली नाही?"

"मागे रांग होती."

"ती तुम्हाला तेव्हा दिसली होती, की नंतर आठवली?"

नेमकं तेच. मी म्हणालो, "ते मला सांगता येत नाही, मॅडम. कदाचित भीती वाटली असेल आणि रांग हे निमित्त असेल."

त्यांनी लेखणी पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "बरं. रांगेत कोण होतं ते सांगा. पुढून मागे."

मी सांगितलं. एक्स-रेचं पाकीट, रंगारी, इअरफोनवाल्या मुली, कुबडीवर गुंडाळलेला मोजा. काचेआड मान खाली घालून गोळ्या मोजणारी औषधवाली. झोपलेलं लेकरू, एक सँडल. "कोणत्या पायात?" त्यांनी विचारलं. "उजव्या पायात होती. डावा उघडा." त्या लिहायच्या थांबल्या, मग पुन्हा लिहायला लागल्या. पुष्कळ लिहिलं. त्या व्हरांड्यातला कॅमेरा दारावर असल्याने रांग त्यात आलेलीच नाही, म्हणजे माझ्या बोलण्याला पुरावा काही नाही. बारीकसारीक विचारून माझं खोटं पकडायचा त्यांचा विचार असावा. तसं असेल तर बरोबरच आहे. एकदा खोटं बोललेल्या माणसावर कुणी का विश्वास ठेवावा?

बाहेर आलो. गेल्या वीस दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. लाज वाटली त्याची.

गुरुवार, २६

दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत ताईला सांगायला हवं होतं. दुपारी गेलो. भाची घरी होती. दाजींची एकुलती एक, कॉलेजात शिकते. "या मामा," म्हणाली आणि आत पाणी आणायला गेली.

ताई दाजींची कागदपत्रं लावत बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं.

ती म्हणाली, "म्हणजे अडकली नव्हती."

"नाही."

"म्हणजे झाडता आली असती."

"हो."

"लागली असती?"

इथे खोटं बोलायला जागा होती. नेम चुकला असता म्हणालो असतो तर तिने मानलं असतं. "लागली असती," मी म्हणालो. "पण ताई, त्याच्या मागे—"

"मागे कोण होतं ते मला सांगू नकोस." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्यांच्या मागे मी होते. ही पोरगी होती. आम्ही दिसलो नाही तुला?"

भाची पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. पेला टेबलावर ठेवला, माझ्यापासून लांब.

"मी तीन आठवडे जगाला सांगत फिरले," ताई म्हणाली. "येईल त्याला. माझ्या भावाची गोळी अडकली. तू शेजारी बसून ऐकलंस. जेवलास." मग कागदांकडे वळली. "घरी जा."

बारक्या म्हणाली नाही.

मंगळवार, ३१

तेलवाल्यांची नोटीस मागे घेतली. ते पुन्हा शस्त्रागाराच्या खिडकीत बसतात. मी समोरून गेलो तर हाक मारली. मला वाटलं आभार मानतील. म्हणाले, "माझ्या बाजूने बोललास, उपकार झाले. पण तुझं घर मोडलं म्हणे. असलं ओझं मला नको होतं रे." आणि माझ्या पुढ्यात खुर्ची सरकवली. आम्ही दोघं बसलो. ते हत्यारं पुसत होते, मी बघत होतो.

बाकीच्यांचं काय सांगावं? उपाहारगृहात मी बसलो की टेबल हळूहळू रिकामं होतं. कुणी उठून जाताना काही बोलत नाही, फक्त ज्याला त्याला अचानक काम आठवतं. एकाने तेवढं तोंडावर विचारलं, आणि तोच मला त्यातल्या त्यात बरा वाटला. "पकडायला झाडलीस, वाचवायला नाही. असं कसं?" मी म्हणालो, "तिथे मागे भिंत होती." तो म्हणाला, "भिंत." आणि गेला.

सोमवार, ६

समुपदेशक मॅडमनी विचारलं, लिहिता का? म्हटलं, लिहितो. रडता का? म्हटलं, नाही. मग त्यांच्यासमोरच रडलो. त्यांनी घड्याळ बघितलं नाही. नावं ठेवण्यासारखी बाई नाही.

ताईला चार वेळा फोन केला. उचलत नाही. बायको जाऊन आली. तिच्याशी नीट बोलली म्हणे, माझं नाव तेवढं कुणी काढलं नाही.

शुक्रवार, १७

अहवाल आला. साहेबांनी बोलावून दिला. "वाचा. सुटलात."

तेरा पानं. मी सुटलो ते पहिल्याच पानावर आहे. गोळी न झाडण्याचा निर्णय परिस्थितीला धरून होता, चुकीचा जबाब दिल्याबद्दल ताकीद. पुढची पानं कशासाठी ते मला कळलं नाही. बाईंनी औषधाच्या खिडकीवरच्या त्या दिवशीच्या चिठ्ठ्या काढून रांगेतला एकेक माणूस शोधलाय. अकरा जण. अकराही जणांचे जबाब घेतले आहेत. म्हाताऱ्यांच्या हातात एक्स-रे होता का, कुबडीच्या मुठीला काय होतं, रंगारी कुठे उभा होता. लेकराची डावी सँडल सफाई करणाऱ्या बाईला दाराशी सापडली होती, तेही लिहिलंय. एवढी बारीक पडताळणी कशाला केली कोण जाणे. बाईंना कामाची हौस असावी.

कुबडीवाल्या बाईंनी जबाबात सांगितलंय की पोलीस एकदम ओरडल्याने त्यांची छाती धडधडली, आणि गोंधळात त्यांचा नंबर निघून गेला, पुन्हा रांग लावावी लागली, याची कुणीतरी दखल घ्यावी. वाचून मी हसलो. दाजींना सांगायला हवं असं वाटलं. त्यांनी हे ठाणंभर सांगितलं असतं, नक्कल करून.

लेकराच्या आईचा जबाब तीन ओळींचा आहे. तिला काही दिसलंच नाही. पाठ होती. आवाज झाल्यावर तिने लेकराचं डोकं झाकलं. लेकरू उठलं नाही.

रविवार, १९

सकाळी ताईचा फोन. पोस्टात खिडकीवर बोलते त्या आवाजात म्हणाली, "उद्या दहाला दवाखान्याच्या दारात ये. मला ती जागा बघायचीय." आणि ठेवला.

अहवाल तिलाही गेला असणार. मृताच्या घरच्यांना प्रत पाठवतात.

सोमवार, २०

ती माझ्या आधी येऊन उभी होती. बारीक झालीय. मी काही बोलायच्या आत चालायला लागली, मग थांबली, कारण तिला रस्ता माहीत नव्हता. मी पुढे झालो.

व्हरांडा तसाच आहे. फरशी धुऊन काढलीय. औषधाच्या खिडकीसमोर रांग होती, नेहमीसारखी, चौदा-पंधरा माणसं.

"तू कुठे होतास?"

दाखवलं. ती तिथे जाऊन उभी राहिली, आणि मला म्हणाली, "आता तो कुठे होता तिथे उभा राहा."

 गेलो. रांगेला पाठ लावून उभा राहिलो, तोंड ताईकडे. बारा पावलं. माझ्या मागे कुणीतरी खोकत होतं, कुणीतरी फोनवर भाव करत होतं. ताई माझ्याकडे बघत होती, मग माझ्याकडे नाही, माझ्या दोन्ही बाजूंनी मागे बघायला लागली. एकेका माणसाकडे. पुष्कळ वेळ. अठ्ठावीस वर्षं तिने खिडकीच्या आतून रांगा बघितल्यात, बाहेरून कधी बघितल्या नसतील.

मग ती दाजी होते त्या जागी आली. ती मी दाखवली नव्हती, पण अहवालात नकाशा आहे. तिथे ती नुसती उभी राहिली, पिशवी दोन्ही हातांत धरून. रांगेतली शेवटची बाई वळून म्हणाली, "तुम्ही रांगेत आहात का? मी मागे होऊ?"

ताई म्हणाली, "नाही, नाही. तुम्ही राहा पुढे."

बाहेर बाकावर बसलो. मधे एका माणसाची जागा सोडून. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्यायली, झाकण लावायला वेळ घेतला.

"त्यांनी काय म्हटलं होतं त्याला?" तिने विचारलं. "अहवालात एवढंच आहे की समजावण्याचा प्रयत्न केला."

मी दाजींचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. माझ्याकडे बघ, म्हणाले होते. इकडे तिकडे नको.

ती रडली. मी आजवर तिला इतकं रडताना बघितलेलं नाही, आई गेली तेव्हाही नाही. तेव्हा ती माझं तोंड धुऊन देत होती. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला. मी मागे घेतला. येणारे-जाणारे बघत होते, पण दवाखान्याच्या आवारात रडणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "मला अजूनही वाटतं, तू झाडायला हवी होतीस."

"हो."

"सगळं बघितलं, सगळं कळलं, तरी वाटतं. ती बाई, तिचं लेकरू, सगळं मान्य. तरी वाटतं."

"बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणू नकोस. मला राग येतो." बाटली पिशवीत टाकली. "हे मी मरेपर्यंत म्हणणार आहे. तुझ्या तोंडावर म्हणणार आहे."

"म्हण."

"मग ऐकायला यायला लागेल तुला." पिशवी उचलून उठली. "पोरगी बोलणार नाही तुझ्याशी एवढ्यात. तिच्या मागे लागू नकोस. पण तू येत जा. रविवारी ये."

रस्ता ओलांडून बसथांब्याकडे गेली. मी सोडायला येतो म्हणालो नाही. तिने वळूनही बघितलं नाही. बस आली, ती चढली, खिडकीशी जागा मिळाली असावी, कारण तिची पिशवी मला काचेआड दिसली.

रविवारी जाणार आहे.